मौन आणि नामोल्लेख : ज्यूंच्या छळासंबंधी कॅथलिक धर्माधिकाऱ्यांच्या भूमिकांचे परीक्षण, देवळालीच्या संदर्भात

१

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात युरोपात सुमारे साठ लक्ष ज्यूंची हत्या झाली. ह्या काळात रोमच्या धर्मपीठाने आणि निरनिराळ्या देशांतील कॅथलिक बिशपांनी कोणती भूमिका घेतली, ह्याविषयीच्या वादाला जाहीर स्वरूप आले ते रॉल्फ होखहूट ह्या तरुण जर्मन नाटककाराच्या नाटकामुळे. १९६३ च्या फेब्रुवारीत एर्विन पिस्काटर यांनी ते बर्लिनमध्ये रंगभूमीवर आणले. पोप बाराव्या पायसवर त्यात मौनाचा उघड आरोप होता. पुढच्याच वर्षी शाउल फ्रीडलेंडर आणि ग्यूंटर लेवी यांचे कागदपत्रांवर आधारलेले ग्रंथ निघाले. धर्मपीठानेही १९६५ ते १९८१ ह्या काळात आपल्या युद्धकालीन कागदपत्रांचे अकरा खंड प्रसिद्ध केले. १९९९ मध्ये जॉन कॉर्नवेल यांच्या पुस्तकाने वाद पुन्हा पेटला. मार्च २०२० मध्ये बाराव्या पायसच्या कारकीर्दीचे दप्तर अभ्यासकांना खुले झाले आणि त्याच्या आधारे डेव्हिड कर्टझर यांचा ग्रंथ २०२२ मध्ये प्रकाशित झाला.

ह्या विपुल लेखनाची छाननी केली असता त्यात दोनच प्रश्न पुनःपुन्हा विचारलेले आढळतात. पहिला प्रश्न हेतूचा : पोप ज्यूंविषयी उदासीन होते, की दुःखी असूनही सावध होते? दुसरा प्रश्न परिणामाचा : ते उघड बोलले असते, तर प्राण वाचले असते, की अधिक गेले असते? दोन्ही प्रश्न स्वाभाविक आहेत, परंतु दोहोंच्याही उत्तराला मर्यादा आहे. मनातील हेतू कागदपत्रांवरून पूर्णपणे सिद्ध होत नाही, आणि जी गोष्ट घडलीच नाही तिचा परिणाम मोजता येत नाही. त्यामुळे फिर्यादी आणि बचाव हे दोन्ही पक्ष अखेर अनुमानावरच येऊन थांबतात.

तिसरा एक प्रश्न मात्र मजकूर समोर ठेवून सोडविता येण्यासारखा आहे. तो शब्दांचा प्रश्न होय. जे बोलले गेले, ते कोणत्या शब्दांत बोलले गेले? छळ सोसणाऱ्याचा नामोल्लेख झाला, की त्याला एखाद्या व्यापक सामान्यनामात सामावून टाकण्यात आले? नैतिक वक्तव्याची ही कसोटी वरवर भाषिक वाटेल. पण सामान्यनामाने माणसाचे काय होते, ह्याचे एक उदाहरण महाराष्ट्राच्या भूमीवर, नाशिकजवळच्या देवळाली कॅम्प येथे, त्याच युद्धकाळात घडून गेले आहे. म्हणून विवेचनाचा आरंभ तेथूनच करणे सोयीचे ठरेल.

२

देवळाली हे ब्रिटिश फौजेचे जुने ठाणे. मायदेशी परतणारे सोजीर येथे आगबोटीची वाट पाहत मुक्काम करीत. त्या कंटाळवाण्या मुक्कामावरूनच डोके फिरणे ह्या अर्थी 'डूलॅली' हा शब्द इंग्रजी बोलीत रूढ झाला. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच हिंदुस्थानातील जर्मन पुरुषांना सरकारने पकडले आणि मुख्यतः अहमदनगर येथे स्थानबद्ध केले. १९४१ मध्ये हे स्थानबद्ध देवळालीस आणले गेले आणि त्याच वर्षी पुढे डेहराडूनला हलविण्यात आले. नंगा पर्वताच्या पाहणीसाठी आलेला ऑस्ट्रियन गिर्यारोहक हाइनरिश हारर हा त्यांपैकीच एक. डेहराडूनहून तिबेटात पळून गेल्यामुळे तो पुढे जगप्रसिद्ध झाला; तो नाझींच्या एस. एस. संघटनेचा सभासद होता, ही गोष्ट १९९७ मध्ये उजेडात आली.

परंतु अहमदनगर, देवळाली आणि डेहराडून ह्या मालिकेतील तारांच्या कुंपणाआड केवळ नाझी नव्हते. नाझींच्या छळाला कंटाळून हिंदुस्थानात आश्रयास आलेले जर्मन आणि ऑस्ट्रियन ज्यूदेखील, निदान काही काळ, त्याच कुंपणाआड गेले. कायद्याच्या दृष्टीने दोघेही 'शत्रुराष्ट्राचे प्रजाजन' होते. ज्याने घरातून हाकलले आणि ज्याला हाकलण्यात आले, ते दोघे एकाच हजेरीपटावर, एकाच शीर्षकाखाली आले.

ह्या शीर्षकातील विपर्यास जर्मनीतील कायद्यांशी तुलना केल्यावर पूर्णपणे ध्यानात येतो. ऑक्टोबर १९३८ पासून ज्यूंच्या पारपत्रांवर ज्यूपणाचे अक्षर छापले जाऊ लागले. १९३९ च्या आरंभापासून प्रत्येक ज्यू पुरुषास 'इस्राएल' आणि प्रत्येक स्त्रीस 'सारा' हे जादा नाव धारण करण्याची सक्ती झाली. २५ नोव्हेंबर १९४१ च्या हुकुमाने तर देशाबाहेर राहणाऱ्या ज्यूंचे जर्मन नागरिकत्वच काढून घेण्यात आले. जर्मनीच्या लेखी जो माणूस जर्मन उरला नव्हता, तो हिंदुस्थान सरकारच्या वहीत जर्मन म्हणून नोंदलेला होता. नाव लादणे आणि नाव पुसून टाकणे ह्या दोन उलट क्रिया दिसतात. पण एका माणसावर दोन्ही एकाच वेळी घडू शकतात, हे ह्यावरून दिसते.

ह्या चुकीची दुरुस्ती कशी झाली, तेही उद्बोधक आहे. सर माल्कम डार्लिंग यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने स्थानबद्धांची एकेकाने विचारपूस केली, आणि मुंबईत १९३४ मध्ये स्थापन झालेल्या ज्यू साहाय्यक संस्थेने निर्वासितांची बाजू मांडून जामीन दिले. बहुतेक ज्यू मुक्त झाले. १९४० मध्ये फ्रान्सचा पाडाव झाल्यावर संशयाचे वातावरण पुन्हा दाटले आणि धरपकडही पुन्हा झाली. कित्येक कुटुंबांना पुरंदर आणि सातारा येथे देखरेखीखाली राहावे लागले. अर्थात देवळालीची छावणी आणि पोलंडातील संहारछावण्या ह्यांची तुलना करणे सर्वथा अनुचित होईल. देवळालीत माणसे जिवंत राहिली. येथे लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की, वर्गनामाने झालेला अन्याय व्यक्तिशः चौकशी झाल्यावरच दूर झाला.

शिवाय महाराष्ट्राला ज्यू समाज मुळीच अपरिचित नव्हता. कोकणातील बेने इस्राएल हे शतकानुशतके मराठी बोलत आले होते आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली' ह्या नावाने गावोगाव ओळखले जात होते. त्या नावात हेटाळणी नव्हती. शेजाऱ्याने शेजाऱ्याचे वेगळेपण ध्यानात ठेवल्याची ती खूण होती.

३

देवळालीचा कॅथलिक धर्मसंस्थेशी असलेला संबंधही नोंदण्याजोगा आहे. नाशिकचा स्वतंत्र धर्मप्रांत १९८७ मध्ये निर्माण झाला. तत्पूर्वी हा प्रदेश पुणे धर्मप्रांतात मोडत असे. १९४१ मध्ये पुण्याच्या धर्मप्रांताचे प्रमुख हाइनरिश डोअरिंग हे स्वतः जन्माने जर्मन असलेले जेझुइट होते. १९०७ ते १९२१ आणि पुन्हा १९२७ ते १९४८ असा दीर्घकाळ ते त्या पदावर राहिले. पहिल्या महायुद्धात मुंबई आणि पुणे प्रांतांतील जर्मन जेझुइट धर्मगुरूंना स्थानबद्ध करून मायदेशी धाडण्यात आले होते. म्हणजे राष्ट्रीयत्वाच्या सरसकट शिक्क्याखाली माणसे गेली की काय होते, ह्याचा अनुभव येथील कॅथलिक संस्थेने पूर्वीच घेतलेला होता.

ह्या अनुभवाचे महत्त्व तात्त्विक आहे. कॅथलिक धर्मसंस्था राष्ट्र आणि वंश ह्यांच्या पलीकडे असल्याचा दावा करते. 'कॅथलिक' ह्या शब्दाचा अर्थच सार्वत्रिक असा आहे. सरकारी दप्तराने माणसाला वर्गनामाने ओळखावे, हे त्याच्या स्वभावाला धरून झाले. परंतु प्रत्येक जीवाच्या मोलाची ग्वाही देणाऱ्या संस्थेकडून निराळी अपेक्षा करणे रास्त ठरते. सार्वत्रिकतेचा दावा दोन टोकांना जाऊ शकतो : सर्वांविषयी बोलायचे म्हणून कोणा एकाचे नाव घ्यावयाचे नाही, किंवा सर्वांचे मोल सारखे म्हणून ज्याच्यावर संकट कोसळले आहे त्याचे नाव प्रथम घ्यावयाचे. महायुद्धातील कॅथलिक धर्माधिकाऱ्यांची विभागणी ह्याच रेषेवर झालेली दिसते.

४

प्रथम रोमचा विचार करू. अकराव्या पायसने १९३७ च्या मार्चमध्ये जर्मन भाषेत काढलेले परिपत्र जर्मनीतील देवळांत वाचले गेले. वंश आणि राज्य ह्यांना देवत्व देण्याचा त्यात निःसंदिग्ध निषेध होता. परंतु छळले जाणारे लोक म्हणून ज्यूंचा उल्लेख त्यात नव्हता. १९३९ मध्ये गादीवर आलेल्या बाराव्या पायसने २४ डिसेंबर १९४२ रोजी नाताळनिमित्त नभोवाणीवरून केलेले दीर्घ भाषण हा बचावपक्षाचा मुख्य आधार आहे. त्या भाषणाच्या अखेरीस, स्वतःचा काहीही दोष नसता केवळ राष्ट्रीयत्वामुळे वा वंशामुळे मृत्यूला किंवा क्रमाक्रमाने होणाऱ्या ऱ्हासाला सामोरे जावे लागणाऱ्या लक्षावधी माणसांचा निर्देश आहे. निर्देश खरा आहे, आणि त्या काळी तो काहींना समजलाही. तथापि त्यात ज्यू हा शब्द नाही, जर्मनी हा शब्द नाही, एकाही स्थळाचे नाव नाही.

हे सामान्य विधान अज्ञानातून आले असे मानता येत नाही. त्या भाषणाच्या अवघा एक आठवडा आधी, १७ डिसेंबरला, दोस्त राष्ट्रांनी ज्यूंच्या संहाराचा नावानिशी जाहीर निषेध केला होता. पोपचे खाजगी चिटणीस रॉबर्ट लाइबर यांना लोथार कोनिग ह्या जर्मन जेझुइटाने १४ डिसेंबर १९४२ रोजी लिहिलेले पत्र धर्मपीठाच्या दप्तरखान्यात मिळाले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. बेल्झेक येथे रोज हजारोंच्या संख्येने माणसे मारली जात असल्याची माहिती त्यात आहे. स्थळाचे नाव पोपच्या निकटच्या वर्तुळात पोहोचलेले होते. जाहीर भाषणात मात्र ते उतरले नाही.

हीच शैली १९४४ मध्येही दिसते. मे ते जुलै ह्या सुमारे आठ आठवड्यांत हंगेरीतून चार लक्ष सदतीस हजारांच्या आसपास ज्यू मुख्यतः ऑशविट्झला नेले गेले. २५ जूनला पोपने हंगेरीचे अधिपती हॉर्टी यांना तार केली. तिची फलश्रुती नाकारण्याचे कारण नाही. अमेरिकेच्या अध्यक्षांचे आणि स्वीडनच्या राजांचे दडपणही त्याच सुमारास आले, आणि जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात गाड्या थांबल्या. परंतु ह्या तारेतही राष्ट्रीयत्वामुळे किंवा वंशामुळे दुःख भोगणारे दुर्दैवी लोक, एवढाच उल्लेख आहे.

बचावपक्षाचे म्हणणे असे की, ही तटस्थ धर्मपीठाची राजनैतिक भाषा होती आणि तीत ज्यूंना वेगळे काढले असे म्हणता येत नाही. हे म्हणणे एका अर्थी खरे आहे. जर्मनांच्या टाचेखालील कॅथलिक पोलंडच्या वाट्यालाही हेच मौन आले. व्लोत्सवावेकचे परागंदा बिशप कारोल रादोन्स्की यांनी लंडनहून धर्मपीठाच्या परराष्ट्र कारभाऱ्यांकडे १९४२ आणि १९४३ मध्ये त्याविषयी कडक तक्रार केली होती. परंतु ह्यावरून मौन समर्थनीय ठरत नाही. ते किती दूरवर पसरले होते, एवढेच सिद्ध होते.

५

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीभर सिनेगॉग जाळली गेली, त्यानंतर बर्लिनच्या सेंट हेडविग कॅथीड्रलमध्ये बर्नहार्ड लिख्टेनबर्ग हे धर्मगुरू रोजच्या सायंप्रार्थनेत ज्यूंसाठी, ज्यू असे म्हणून, प्रार्थना करू लागले. ऑक्टोबर १९४१ मध्ये त्यांना अटक झाली आणि ५ नोव्हेंबर १९४३ रोजी डाखाऊच्या छळछावणीकडे नेले जात असता वाटेतच त्यांचा अंत झाला. १९४१ च्याच ऑगस्टमध्ये म्यून्स्टरचे बिशप फॉन गालेन यांनी वेड्यांच्या इस्पितळांतील रुग्णांच्या हत्येविरुद्ध प्रवचन केले. त्या महिनाअखेरीपूर्वी तो कार्यक्रम अधिकृतपणे थांबविण्यात आला, जरी हत्या गुप्तपणे चालूच राहिल्या. उघड शब्दाने त्या राजवटीला माघार घ्यावी लागत असे, हे ह्यावरून दिसते. पण त्याच गालेन यांनी ज्यूंसाठी असे प्रवचन केले नाही.

२३ ऑगस्ट १९४२ रोजी तुलूझचे आर्चबिशप सालिएज यांचे छोटेसे पत्र त्यांच्या धर्मप्रांतातील देवळांत वाचले गेले. ज्यू पुरुष हे पुरुष आहेत, ज्यू स्त्रिया ह्या स्त्रिया आहेत, त्यांच्याशी वाटेल ते करता येणार नाही, असा त्याचा आशय होता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नोए आणि रेसेबेदू ह्या आपल्याच धर्मप्रांतातील छावण्यांचा त्यांनी नावाने उल्लेख केला. आठवड्याभराने मोंतोबांचे बिशप तेआस यांनीही तसेच पत्र काढले. ह्या पत्रांनंतर त्या भागात ज्यू मुलांना लपविणारे मठ आणि शाळा पुढे आल्या. बळी कोण आणि तो कोठे आहे, हे ऐकणाऱ्याला कळले की त्याने काय करावे हेही त्याला कळते. लक्षावधी दुर्दैवी लोकांविषयी ऐकणारा केवळ हळहळतो.

ह्या कसोटीवरील सर्वांत गंभीर आक्षेप हॉलंडवरून घेतला जातो. २६ जुलै १९४२ रोजी डच कॅथलिक बिशपांनी ज्यूंच्या हद्दपारीचा निषेध देवळांतून वाचून दाखविला. २ ऑगस्टला सूड म्हणून कॅथलिक धर्म स्वीकारलेल्या ज्यूंची धरपकड झाली, आणि तत्त्वज्ञ आणि जोगीण एडिथ श्टाइन ९ ऑगस्टला ऑशविट्झ येथे मारली गेली. बोलल्याने प्राण गेले, हे येथे नाकारता येणार नाही, आणि ह्या प्रसंगाचे ओझे कमी लेखणारा टीकाकार प्रामाणिक म्हणता येणार नाही. तथापि ह्या उदाहरणाची व्याप्ती नीट पाहिली पाहिजे. हॉलंडमधून ऑशविट्झकडे गाड्या १५ जुलैपासूनच सुटू लागल्या होत्या. निषेधामुळे ज्यांच्यावर नव्याने संकट आले ते धर्मांतरित होते. बाप्तिस्मा न घेतलेल्या ज्यूंना मौनाने कोणतेही संरक्षण मिळालेले नव्हते. 'बोलण्याने अनर्थ वाढतो' हा युक्तिवाद तपासला, तर त्याच्या तळाशी 'आपल्या लोकांवरील अनर्थ वाढतो' हे वाक्य सापडते. धर्मप्रमुखाने आपल्या लोकांची काळजी वाहणे स्वाभाविक होय. पण मग सार्वत्रिकतेचा दावा त्या प्रमाणात सोडावा लागतो.

६

बचावपक्षाचा खरा सबळ पुरावा शब्दांत नाही, कृतीत आहे. जर्मनांच्या ताब्यात असलेल्या रोममध्ये अनेक मठांनी ज्यूंना दार उघडले. ह्या आश्रितांची युद्धसमाप्तीच्या सुमारास तयार केलेली यादी २०२३ मध्ये प्रकाशात आली. तीत एकंदर सुमारे ४,३०० आश्रितांची नोंद असून सुमारे ३,६०० जणांची नावे आहेत, आणि त्यांपैकी सुमारे ३,२०० ज्यू असल्याचे निश्चित झाले आहे. त्याच रोममध्ये १६ ऑक्टोबर १९४३ च्या पहाटे १,२५९ माणसे पकडण्यात आली. दोन दिवसांनी हजाराहून अधिक ज्यू ऑशविट्झला पाठविले गेले आणि त्यांपैकी सोळाच परत आले. धर्मपीठाच्या परराष्ट्र कारभाऱ्यांनी त्याच दिवशी जर्मन वकिलास बोलावून खाजगी रीतीने नापसंती दर्शविली. जाहीर निषेध झाला नाही. एकाच नगरीतील ह्या दोन नोंदी एकमेकींना रद्द करीत नाहीत. मठातील जोगिणींनी दाराशी आलेल्या माणसाला नावाने ओळखले. त्यांच्या प्रमुखाने जगाला उद्देशून बोलताना ते नाव घेतले नाही.

नामोल्लेख पुरेसा आहे असे मात्र म्हणता यावयाचे नाही, आणि ह्याचे उदाहरण भारतीय वाचकाच्या जवळचे आहे. महात्मा गांधींनी २६ नोव्हेंबर १९३८ च्या 'हरिजन'मध्ये ज्यूंचा नावानिशी उल्लेख करून त्यांच्याविषयी गाढ सहानुभूती व्यक्त केली आणि त्यांना सत्याग्रहाचा मार्ग सांगितला. मार्टिन बूबर यांनी जेरुसलेमहून लिहिलेल्या १९३९ च्या पत्रात दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांची स्थिती आणि जर्मनीतील ज्यूंची स्थिती ह्यांतील अंतर दाखवून दिले. नाव घेतले, परंतु स्थळाची ओळख अपुरी राहिली, तर उपदेश पोकळ ठरतो. सालिएज यांच्या पत्राचे श्रेष्ठत्व येथेच आहे. त्यांनी बळीचे नाव घेतले, स्थळाचे नाव घेतले, आणि ते स्थळ आपल्याच धर्मप्रांतात आहे ही जबाबदारीही उच्चारली. कसोटीची ही तीन अंगे आहेत, आणि त्यांपैकी एकही वगळून चालत नाही.

७

ह्या विषयाला मुंबईशी जोडणारा एक धागा शेवटी नमूद केला पाहिजे. १९३७ ते १९५० ह्या काळात मुंबईचे आर्चबिशप असलेले इंग्रज जेझुइट थॉमस रॉबर्ट्स यांनी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या अखेरच्या सत्रासाठी केलेल्या निवेदनात सदसद्विवेकाच्या हक्काची बाजू मांडली, आणि त्यासाठी फ्रान्झ येगरश्टेटर ह्या ऑस्ट्रियन शेतकऱ्याचे उदाहरण दिले. हिटलरच्या युद्धात लढण्यास नकार दिल्याबद्दल ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला होता, आणि त्याच्या बिशपांनी त्याला त्या नकारापासून परावृत्त करण्याचाच प्रयत्न केला होता. येगरश्टेटरचा प्रश्न ज्यूंचा नव्हे. पण एका अनाम शेतकऱ्याचे नाव घेऊन तत्त्व सांगण्याची पद्धत तीच आहे, जिची युद्धकाळात उणीव भासली होती.

त्याच परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष सर्व ज्यूंवर ठेवण्याची जुनी प्रवृत्ती नाकारली. फ्रेंच बिशपांनी ३० सप्टेंबर १९९७ रोजी द्रांसी येथे, जेथून ज्यूंच्या गाड्या सुटत असत त्याच जागी, आपल्या पूर्वसूरींच्या मौनाबद्दल क्षमा मागितली. त्यानंतर सहा महिन्यांनी, मार्च १९९८ मध्ये, रोमने काढलेल्या निवेदनात दोष धर्मसंस्थेच्या काही लेकरांकडे देण्यात आला. पहिल्यात स्थळ आणि कर्ता दोन्ही स्पष्ट आहेत. दुसऱ्यात कर्ता पुन्हा सामान्यनामात विरून गेला आहे. पश्चात्तापाच्या लेखनालाही हीच कसोटी लागू पडते.

ह्या विवेचनातून संशोधकाच्या हाती एक पद्धत येते. १८५० पासून निघणारे मुंबईचे 'एक्झामिनर' हे कॅथलिक साप्ताहिक, धर्मप्रांतांची परिपत्रे आणि स्थानबद्धांसंबंधीचे सरकारी कागद हे सर्व साहित्य ह्या तीन प्रश्नांच्या प्रकाशात वाचता येईल : बळीचे नाव घेतले आहे काय, स्थळ सांगितले आहे काय, आणि बोलणाऱ्याने स्वतःची जबाबदारी उच्चारली आहे काय? देवळालीच्या हजेरीपटावर एकाच शीर्षकाखाली आलेल्या माणसांना पुन्हा वेगवेगळे ओळखण्यास जी एकेकाची विचारपूस कामी आली, ती इतिहासाच्या अभ्यासकालाही करावी लागेल. आणि तिच्याशिवाय कोणाही धर्माधिकाऱ्याच्या मौनावर दिलेला निकाल न्याय्य ठरणार नाही, मग तो निकाल दोषी ठरविणारा असो वा निर्दोष ठरविणारा.